कोरा अर्ज, भरलेला अर्ज

घर अंजनवेलला आणि घरमालक मुंबईत, ही कोकणातली नेहमीची गोष्ट. अशा चाकरमान्याला ग्रामपंचायतीकडून घराच्या नोंदीचा, म्हणजे नमुना ८चा उतारा हवा असेल, तर अर्जाची फाइल बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. ती साधी वर्ड फाइल असली की नाव लिहिताना ठिपक्यांच्या ओळी सरकतात, चुकून मजकूरही पुसला जातो. ठिपके ही कागदाची सवय. संगणकावर त्यांचे काही काम नाही.

त्याऐवजी भरायच्या जागी ‘फॉर्म फील्ड’ ठेवावीत. वर्डमध्ये ही साधने ‘डेव्हलपर’ टॅबमध्ये असतात. हा टॅब मुळात लपवलेला असतो, सेटिंगमधून सुरू करावा लागतो. मग ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’मध्ये फक्त अर्ज भरण्याची मुभा ठेवली की बाकी मजकूर हलत नाही. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस रायटरमध्येही अशी फील्ड टाकून भरता येणारा पीडीएफ काढता येतो. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला अर्ज, तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर, निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

आधार क्रमांकासह भरलेला अर्ज वाडीच्या ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर कोराच ठेवावा. भरलेला ज्या कार्यालयाला हवा, त्यालाच पाठवावा.