'तीनशे पस्तीस'चं मूळ कुठलं? जऊळक्याच्या वावरापासून इलिनॉय विद्यापीठापर्यंत

जऊळका (ता. मालेगाव) : मृगाच्या सरी पडल्या की कृषी सेवा केंद्रावर एकच प्रश्न असतो, "यंदा कोणती बॅग?" जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजूनही 'तीनशे पस्तीस' येतं. म्हणजे जेएस 335. जेएस म्हणजे जवाहर सोयाबीन, आणि जवाहर म्हणजे जबलपूरचं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. पण गोष्ट जबलपूरला थांबत नाही, पार अमेरिकेत जाते.

तसं सोयाबीन आपल्या विदर्भाला अगदीच नवखं नव्हतं. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी ते आहारात वापरून पाहिलं होतं. शेतात मात्र ते रुजलं नाही. रुजलं ते 1960 नंतर.

पंतनगरचं कृषी विद्यापीठ 1960 साली सुरू झालं, जबलपूरचं 1964 साली. यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशातून तिकडची विद्यापीठं आपल्या नव्या कृषी विद्यापीठांशी जोडली गेली. पंतनगर आणि जबलपूर इलिनॉयकडे आले, महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आलं. तिकडचे प्राध्यापक इथं राहिले, इथले तरुण तिकडं शिकून आले. आणि येताना बियाणं आलं.

आता कुणाला वाटेल, बियाणं आणलं, पेरलं, झालं. तसं होत नसतं. सोयाबीनचं झाड दिवसाच्या लांबीवर फुलतं. उत्तर अमेरिकेत उन्हाळ्याचा दिवस आपल्यापेक्षा बराच मोठा. तिकडची वाणं इथं पेरली तर झाड वीतभर असतानाच फुलावर येतं, मग शेंगा काय धरणार? म्हणून अमेरिकेच्या दक्षिण भागातली 'ब्रॅग'सारखी वाणं निवडावी लागली. दुसरी अडचण जमिनीतली. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणारा जिवाणू आपल्या मातीत पुरेसा नव्हता, तो बियाण्याला चोळून द्यावा लागला. आज पेरणीआधी आपण रायझोबियमचं जे पाकीट लावतो (खरं तर बरेच जण लावत नाहीत!), त्याचं कारण हेच.

1967 साली अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्प सुरू झाला. माळव्यात काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून गहू-हरभरा घ्यायची पद्धत होती, तिथं हे पीक बसलं. पुढं इथल्याच शास्त्रज्ञांनी संकर करून वाणं काढली. 1994 चं जेएस 335 त्यातलंच. ते आपल्याकडं आलं आणि ज्वारीच्या, कपाशीच्या तासांची जागा घेत गेलं.

पण परदेशी रक्ताच्या वाणांना इथला पिवळा मोझॅक सोसत नव्हता. पांढऱ्या माशीतून पसरणारा हा रोग. तो सहन करण्याचा गुण मुद्दाम शोधावा लागला. 335 मध्ये तो गुण नाही. 2023 च्या खरिपात विदर्भात उभी शेतं पिवळी पडली, हे कुणाला सांगायला नको. अकोला विद्यापीठाच्या अमरावती केंद्रानं 'सुवर्ण सोया', 'पीडीकेव्ही अंबा' अशी नवी वाणं दिली आहेत. आपल्या जमिनीला कोणतं चालेल, हे रिसोड तालुक्यातल्या करडा कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं. घरचंच बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. सत्तर तरी उगवले पाहिजेत.

राहता राहिलं इलिनॉय. त्याच विद्यापीठात 2013 पासून यूएसएडच्याच पैशावर एक सोयाबीन प्रयोगशाळा चालायची. तिचं मुख्य काम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी. आपण साठ वर्षांपूर्वी जिथं होतो, तिथं ते आज आहेत. 2025 मध्ये अमेरिकी सरकारनं मदत तोडली आणि प्रयोगशाळेचं बहुतेक काम गुंडाळावं लागलं. मलावीतलं थोडं काम एका देणगीवर तगून राहिलं.