औषधास न जुमानणारे जंतू व आपला गोठा

जी गोष्ट आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी कपाशीच्या शेतात पाहिली, तीच आता गोठ्यात घडू लागली आहे. तिजकडे बागाईतदार व जिराईतदार अशा सर्वच बंधूंचे लक्ष वेधावे म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहो.

जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कपाशीस २००२ साली लागवडीची परवानगी मिळाली. प्रथम बोंडअळीचा उपद्रव बराच कमी झाला. परंतु बीटीच्या विषास दाद न देणाऱ्या ज्या थोड्या अळ्या होत्या त्या तेवढ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा व विदर्भ येथील कपाशीची दैना केली. बियाणे बीटीचेच होते. अळी मात्र ती राहिली नव्हती.

प्रतिजैविक औषधे व रोगजंतू यांचाही न्याय हाच होय. औषधाची मात्रा अपुरी पडली म्हणजे दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. अळीची पिढी होण्यास काही आठवडे लागतात. अनुकूल स्थितीत आतड्यातील एका जंतूचे दोन होण्यास वीस मिनिटे पुरतात. शिवाय औषधास न जुमानण्याचा हा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊ शकतो. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणारे फ्लेमिंग यांनी नोबेल पारितोषिक घेताना १९४५ सालीच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेविला होता.

आता गोठ्यात काय घडते ते पाहू. लाळ्या खुरकूत व २०२२ साली राज्यभर पसरलेला लंपी चर्मरोग हे विषाणूंचे रोग होत. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. जखमेत दुसरे जंतू शिरले तरच वैद्य ते औषध देतात. तरीही ताप दिसताच दुकानातून सुई आणून टोचण्याची चाल आहे. दुसरीकडे दगडीसारख्या जंतुजन्य कासदाहात पाच दिवसांचे औषध सांगितले असता दोन दिवसांत सूज उतरली की ते बंद करितात व उरलेली बाटली शेजाऱ्याच्या म्हशीस देतात. दोन्ही रीतींनी चिवट जंतूंचीच पैदास होते.

हे जंतू गोठ्यात राहत नाहीत. शेणातून ते खतात व पाण्यात जातात. गाईचा वध पूर्वीपासून व बैलांचा २०१५ च्या कायद्याच्या दुरुस्तीने बंद असल्यामुळे आपल्या राज्यात मोठ्या जनावरांचे मांस म्हशी-रेड्यांचे असते. जनावर सोलताना आतडे फाटले तर त्यातील जंतू मांसास, सुरीस व फळीस लागतात. थंडीने ते मरत नाहीत, त्यांची वाढ मात्र मंदावते. पुरते शिजविल्यानेच ते मरतात. कोलिस्टिन हे माणसाच्या असाध्य रोगात अखेरीस वापरावयाचे औषध. त्यास न जुमानण्याचा जंतूपासून जंतूस जाणारा गुण चीनमध्ये डुकरांत व माणसांत आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०१९ साली अन्नोपयोगी पशुपक्ष्यांकरिता त्याची बंदी केली.

दुधाचा प्रश्नही असाच आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभर तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर निघाला. हा अंश बहुधा उकळल्याने जात नाही. अशा दुधास पुष्कळदा विरजणही नीट लागत नाही.

उपाय आपल्या हातचे आहेत. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी आणि लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी. जो रोग झालाच नाही त्यास औषध लागत नाही. धार काढण्यापूर्वी कास धुऊन पुसावी, नंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावे, व दुखऱ्या कासेच्या जनावराची धार सर्वांच्या शेवटी काढावी. कासदाह वारंवार होत असल्यास दुधाचा नमुना तपासून कोणते औषध चालते हे पशुवैद्यांस ठरवू द्यावे. सांगितलेले दिवस पुरे करावे. बाटलीवर लिहिलेला वर्ज्यकाळ पाळावा. तो ठरलेला नसल्यास २०१२ च्या केंद्रीय औषधनियमाप्रमाणे दुधास निदान ७ व मांसास निदान २८ दिवस धरावे. औषधाची तारीख गोठ्याच्या वहीत मांडून ठेवावी, म्हणजे विसर पडत नाही.

तितके दिवसांचे दूध टाकणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. परंतु कपाशीचे वाण बदलता आले, तसे प्रतिजैविक हवे तेव्हा नवे मिळत नाही. फऱ्याने पडलेला बैल व तापाने फणफणलेले आपलेच मूल या दोघांस वाचविणारी औषधे पुष्कळदा एकाच जातीची असतात. गोठ्यात ती वाया घालविली तर घरात कामास येणार नाहीत, एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.