सांध्यावर सांधा नको!

दोस्तांनो, वीट म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल, खरखरीत, उचलताना तळहात सोलून काढणारी. होय ना? पण आज मी सांगणार आहे ती वीट अंगठ्याएवढीच आहे. प्लॅस्टिकची! वर आठ गोल खुंट्या, खाली पोकळ नळ्या. एकीवर दुसरी दाबली की टक्‌कन बसते.

हिचं गाव दूर डेन्मार्कमध्ये, बिलुंड. तिथे ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुतारानं १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘लेगो’ कंपनी उभी राहिली. खुंटी-नळीच्या या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला तो २८ जानेवारी १९५८ रोजी. आता एक गंमत ऐका. अशा आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. आणि सहा विटा? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे!

आमच्या उमरेडच्या शाळेत अशा विटांचा एक डबा आला. मी चौथीच्या वर्गात गट पाडले आणि म्हणालो, “चला, भिंत बांधा. पेन्सिलीनं ढकलली तरी पडायला नको!” आधी मीच फळ्याजवळ एक भिंत करून दाखवली. विटेवर वीट, अगदी सरळ रांगेत. दिसायला किती सुबक! पेन्सिल लावली मात्र, मधला खांब धाडकन आडवा.

वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, सांध्यावर सांधा येऊन राह्यला ना, म्हणून पडून राह्यली.”

हा मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. वाचताना अडखळायचा, शाळा बुडवायचा. मी त्याला कितीदा रागावलो होतो. त्याला पुढे बोलावलं. त्यानं वरची वीट खालच्या दोन विटांच्या मधोमध बसवली. त्याच्या वरची पुन्हा तशीच. पेन्सिलीनं ढकललं, भिंत हलली नाही.

“कुणी शिकवलं रे?”

“बाबा गवंडी हायेत. मी विटा देतो त्यांना.”

गवंडी याला सांधमोड म्हणतात. एका विटेचा भार खालच्या दोघींवर, त्यांचा पुढच्या तिघींवर वाटला जातो. एकीला धक्का लागला तर शेजारणी धरून ठेवतात. हे पुस्तकातलं शास्त्र तो हातांनी शिकला होता. आणि मी? मी त्याच्या हजेरीचे रकाने तेवढे मोजत होतो.

याच विटांना मोटर, उजेड ओळखणारा डोळा, स्पर्श ओळखणारं बटण आणि छोटा संगणक जोडून १९९८ साली ‘माइंडस्टॉर्म्स’ हा यंत्रमानवाचा संच निघाला. त्याची विक्री २०२२ च्या अखेरीस थांबली, पण त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे. आधी जाणायचं, मग ठरवायचं, मग करायचं. भिंत लागली? थांब. मागे हो. वळ.

संच महाग असतात, हे खरं. पण अडून बसायचं कारण नाही. अरविंद गुप्ता हे इंजिनिअर १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या जोडायची युक्ती काढली. तुम्हीही करा. मोठ्यांकडून काड्यांचं गुल खरवडून घ्या. नळीच्या तुकड्यांनी चार काड्यांचा चौकोन जोडा आणि दाबा. तो लगेच तिरका होईल. आता तीन काड्यांचा त्रिकोण दाबा. हटत नाही! कारण तिन्ही बाजू ठरल्या की कोन बदलायला जागाच उरत नाही. म्हणून तर विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच त्रिकोण असतात. आमच्या कोळसा खाणीकडच्या मुलांनी तर क्रेनचा लांब हातही नीट बघावा.

आणि हो, रिकाम्या काडेपेट्या जमवून दोन भिंती रचा. एक सरळ सांध्यांची, दुसरी सांधमोडीची. मधल्या पेटीला बोट लावून बघा, काय होतं ते.

आता आमच्या वर्गात बांधकाम निघालं की मुलं आधी मागच्या बाकाकडे बघतात. तो मुलगा अजूनही वाचताना अडखळतो. पण पुढे येऊन वाचतो. शेजारी बसलेले त्याला अडलेला शब्द सांगतात.

सांधमोडच की ती! नाही का?