केपाची बंदूक आणि खालचा घोडा

भाद्रपदांत भाताच्या लोंब्या दुधांत आल्या कीं आमच्या तुडीलच्या बाजूस माळ्यांवर राखण बसते. डुकरांचा कळप एका रात्रींत खाचर उलथून टाकतो. म्हणून महाड-पोलादपुराकडील कांहीं शेतकऱ्यांजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडांतून दारू व छरे घालावयाचे, गजानें ठासावयाचे, मागील लहानशा पोकळ बोंडावर केप बसवावयाचा आणि चाप ओढावयाचा. परदेशांत ही जात बहुतेक संग्राहकांच्या कपाटांत गेली. येथें ती अजून चिखलांत उभी आहे.

केपाचें महत्त्व आमच्या पावसांतच कळावें. तोड्याच्या बंदुकीस पेटती वात लागे, गारेच्या बंदुकीस पोलादावर उडणारी ठिणगी. दोहोंतहि रंजक कानाशीं सुटी असे. ती भिजली कीं बंदुकीची काठी झाली. १० मे १८१८ रोजीं रायगड इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां त्यांच्या पायदळाजवळ गारेच्याच बंदुका होत्या. वेढा आषाढापर्यंत लांबता तर काय होतें, हा विचार गडाकडे पाहतांना माझ्या मनांत येतोच.

ही अडचण दूर केली ती एका धर्मोपदेशकानें. स्कॉटलंडांतील बेलहेल्वी गांवचा पाद्री अलेक्झांडर फोरसाइथ यास शिकारीचा नाद. रंजकीचा भपका दिसतांच पक्षी सावध होतात, म्हणून त्यानें केवळ आघातानें पेटणारें द्रव्य योजून १८०७ सालीं पेटंट घेतलें. पुढें असें द्रव्य तांब्याच्या इवल्या टोपींत भरण्याची युक्ति निघाली. हाच आपला केप. पारा, नत्राम्ल व मद्यार्क यांपासून होणारा स्फोटक क्षार या कामीं रूढ झाला.

आतां खालच्या घोड्याची गंमत. रंजक सुटी होती तोंवर ती नळीच्या बाजूस किंवा वर ठेवणें प्राप्त होतें. खालीं ठेवली तर सांडावयाची. केप मात्र बोंडावर घट्ट बसतो. मग घोडा नळीच्या पोटाखालीं, चापाच्या पुढें कां नसावा? १८३० नंतर अमेरिकेंतील कारागिरांनीं तेंच केलें. विंडसरचा निकॅनोर केंडॉल, कॉर्निशचा हिलियर्ड, रॉचेस्टरचा बिलिंगहर्स्ट हीं त्यांतलीं नामांकित नांवें. भाग अगदीं थोडे. चापाभोंवतींची पोलादी कमानच पुष्कळ बंदुकांत स्प्रिंगेचें काम करी. नेम धरतांना दृष्टीआड कांहीं येत नसे आणि केपाची ठिणगी डोळ्यापासून दूर उडे. केप सैल असला तर गळून पडे, हा दोष मात्र खरा. या रायफलींच्या नळींत पिळाच्या खांचा पाडलेल्या असत, त्यामुळें गोळी गरगरत सरळ जाई.

केंडॉलच्या बंदुका विंडसर येथील तुरुंगांत कैद्यांच्या मजुरीनेंहि बनत. तेथें काम केलेला रिचर्ड लॉरेन्स पुढें केंडॉल व रॉबिन्स यांचा भागीदार झाला आणि १८४५ सालीं त्यांनीं अमेरिकन सरकारास १०,००० रायफली पुरविण्याचा मक्ता घेतला. एकीचा भाग दुसरीस बिनचूक बसे. त्यांच्या रायफली १८५१ च्या लंडन प्रदर्शनांत गाजल्या व इंग्रज सरकारनें एन्फील्डच्या कारखान्यासाठीं विंडसरहून यंत्रें मागविलीं. सत्तावनच्या काडतुसांची बंदूक ती हीच एन्फील्ड, तीहि केपाचीच.

या सुधारणेंतील एक गोष्ट मला खटकते. तोड्याच्या बंदुकीची दारू सोरा, गंधक व कोळसा आणून गांवांत कुटतां येई. शुक्रनीतींत या मिश्रणाचें प्रमाणहि दिलें आहे. तो ग्रंथ मात्र समजतात तितका प्राचीन नसावा, असें अनेक पंडितांचें मत आहे. वातहि घरीं वळतां येई. केप मात्र चुलीवर होत नाहीं. आमचा लोहार घोडा घडवील, सुतार दस्ता बसवील. परंतु तो चिमुकला तुकडा दुकानांतूनच यावयाचा. खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला आणि १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. परवाना एकाच्या हातीं, केप दुसऱ्याच्या.

आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याची बंदूक निवडणूक आली कीं ठाण्यांत जमा होते, नंतर परत येते. केपांची डबी तो पावसाळाभर चुलीवरच्या फळीवर ठेवतो. परवां संध्याकाळीं त्यानें ती उघडून माझ्यासमोर मोजली. अकरा निघाले. "गुरुजी, भात निघेपर्यंत पुरतील ना?" त्यानें विचारलें. मी म्हटलें, "डुकरांस विचारा."