मेणबत्तीतले ७५ वॅट

मेणबत्ती किती वॅटची असते?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तर काढता येतं. चांगली जाडसर मेणबत्ती तासाभरात ६ ते ७ ग्रॅम मेण जाळते. एक ग्रॅम मेण जळलं की सुमारे ४३ हजार ज्यूल उष्णता निघते. गुणाकार-भागाकार केला की आकडा येतो सुमारे ७५ वॅट! आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं नेहमीचं सोल्डरिंग आयर्न असतं २५ वॅटचं. म्हणजे वीज गेली म्हणून हातावर हात ठेवून बसलेल्या कारागिराच्या टेबलावर जी मेणबत्ती जळत असते, तिच्यात त्याच्या बंद पडलेल्या अवजाराच्या तिप्पट उष्णता असते.

मग त्याने त्या मेणबत्तीनेच डाग का देऊ नये?

कारण ती उष्णता सैरावैरा पळते. बहुतेक सगळी वर जाते, आजूबाजूची हवा तापवते आणि वाटेत काजळी धरते. आपल्याला ती हवी आहे तारेच्या टोकावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. विजेशिवाय चालणारं सोल्डरिंगचं अवजार म्हणजे या पळणाऱ्या उष्णतेला वाट दाखवण्याची युक्ती, दुसरं काही नाही.

वाट दाखवतं तांबं. तांब्यातून उष्णता लोखंडाच्या मानाने सुमारे पाचपट सहज वाहते आणि स्टेनलेस स्टीलच्या मानाने पंचवीसपट. या दोन आकड्यांत अख्खं अवजार दडलेलं आहे. अर्थिंगसाठी वापरतात ती जाड, उघडी तांब्याची तार घ्या. बोटाएवढ्या गजावर तिचे पाच-सहा वेढे घाला, गज काढून घ्या आणि तारेचं एक टोक दोनेक सेंटिमीटर बाहेर ठेवून कानशीने निमुळतं करा. दुसरं टोक स्टीलच्या सळईला घट्ट आवळा आणि सळई लाकडी मुठीत ठोका. आता वेढे स्पिरिटच्या दिव्यावर धरा. वेढे ज्योतीतली उष्णता गोळा करतात, तांबं ती टोकाकडे पळवतं, स्टील ती मुठीकडे येताना अडवतं. टोक स्वतः ज्योतीबाहेर असतं, म्हणून स्वच्छ राहतं. हलणारा एकही भाग नाही, तरी प्रत्येक धातू आपापलं काम चोख करतो!

याहून जुना प्रकार आणखी साधा आहे. तांब्याचा एक जाड ठोकळा, त्याला सळई, सळईला मूठ. शेगडीत तापवायचा, बाहेर काढायचा, डाग द्यायचा. विजेचं आयर्न हा उष्णतेचा नळ असेल, तर हा ठोकळा म्हणजे रांजण: एकदा भरून आणायचा आणि लागेल तसा ओतायचा. पण त्यात मावतं किती? फक्त ५० ग्रॅमचा ठोकळा ३५० अंशांवरून २५० अंशांवर उतरताना सुमारे १९०० ज्यूल देतो. एक ग्रॅम सोल्डर वितळवायला १०० ज्यूलही लागत नाहीत! थोडी उष्णता हवेत जाईल, थोडी तारा तापवण्यात जाईल, तरी एका फेरीत कितीतरी जोड होतात.

ठोकळा पुरेसा तापला हे ओळखायचं कसं? थर्मामीटर तर नाही. इथे तांबं स्वतःच खूण करतं. त्याच्याभोवतीच्या ज्योतीला हिरवी झाक येते. तांब्याचे अगदी सूक्ष्म कण ज्योतीत शिरतात आणि तापून हिरवा प्रकाश फेकतात. हिरवं दिसलं की ठोकळा भरपूर तापला, काढा बाहेर. कितीतरी पिढ्यांचे कारागीर याच इशाऱ्यावर चालत आले.

आता सोल्डरकडे वळू, कारण खरी जादू तिथे आहे. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला, शिसं ३२७ ला. दोन्ही एकत्र केली तर मिश्रण कितीला वितळावं? मधे कुठेतरी, असं कुणीही म्हणेल. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं घेतलं, तर ते वितळतं १८३ अंशांना. दोघांच्याही खाली! दोन वेगळ्या आकारांचे अणू एकमेकांना नीट रचून बसू देत नाहीत, म्हणून घनरूपाची शिस्त लवकर मोडते. धातूंनी ही सूट दिली नसती, तर साध्या दिव्यावर डाग देणं फार अवघड झालं असतं. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने पाण्याचे नळ जोडण्यासाठी दोन भाग शिसं आणि एक भाग कथील असं मिश्रण नोंदवून ठेवलं आहे. अणू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसांनी ही सूट केव्हाच हेरली होती.

तरी एक अडचण उरते. तापलेल्या तांब्यावर हवेतला ऑक्सिजन लगेच काळपट थर चढवतो आणि त्या थरावर सोल्डर चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. त्यावर उपाय आहे नवसागर. ही पांढरी पूड तापली की दोन वायूंत फुटते, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा वायू तो काळा थर खाऊन टाकतो. उरलेले वायू वर जाऊन थंड झाले की पुन्हा एकमेकांना भेटतात आणि पांढरा धूर बनतात. म्हणजे तो धूर नवसागरच, पुन्हा जन्मलेला!

हा धूर तुम्ही पाहिला असेल. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पुसतो. एका हातात पातेलं चांदीसारखं लखलखतं. सोल्डरिंगच्या तांब्याच्या टोकालाही पहिल्यांदा नेमकी अशीच कल्हई करावी लागते. रॉकेलच्या डब्यांना डाग देणाराही याच शास्त्रावर पोट भरत होता. मात्र सर्किटच्या नाजूक तारांवर नवसागर चालत नाही, मागे राहिलेला अंश त्यांना कुरतडतो. तिथे चिडाच्या झाडाची राळ वापरतात. तिचा स्वभाव अजब आहे: गरम असताना आम्ल होऊन थर साफ करते, गार झाली की काचेसारखी घट्ट आणि निरुपद्रवी.

आणि डाग बसतो म्हणजे नेमकं काय होतं? सोल्डर डिंकासारखं चिकटतं का? नाही. वितळलेलं कथील तांब्यात शिरतं आणि सहा अणू तांबं, पाच अणू कथील अशा ठरलेल्या प्रमाणात एक नवाच पदार्थ तयार होतो. त्याचा थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, पण जोड उभा असतो त्याच्यावर. दोन सेकंदांत तुमच्या हातून एक नवं संयुग जन्माला येतं!

ठोकळाही नको असेल तर सोनाराकडे पाहा. तो दिव्याच्या ज्योतीवर वाकड्या नळीने फुंकतो. भरपूर हवा मिळालेली ज्योत आखूड, टोकदार आणि कितीतरी प्रखर होते. गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत तो फुंकर अखंड ठेवतो. सनईवादक दम राखतो तसाच. इजिप्तमधल्या सक्कारा इथे मेरेरुकाच्या थडग्यात नळ्यांनी विस्तव फुंकणारे धातुकारागीर कोरलेले आहेत, सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचे. १७५१ साली निकेल शोधणारा स्वीडनचा क्रोन्स्टेट फुंकनळीनेच खनिजं पारखत असे.

ऊनही चालेल. १० सेंटिमीटर व्यासाचं भिंग भर दुपारी सुमारे ८ वॅट गोळा करतं. काजळी फासलेल्या बारीक तांब्याच्या टोकाला तेवढे पुरतात.

बर्लिनमध्ये एर्न्स्ट साक्सने विजेच्या सोल्डरिंग आयर्नची कंपनी काढली १९२१ साली. त्याआधी तारायंत्रं, टेलिफोन आणि सुरुवातीचे रेडिओ होऊन गेले होते आणि त्यांचे बहुतेक जोड विस्तवावर तापवलेल्या तांब्यानेच दिलेले होते. वीज घरोघर पोचवणाऱ्या जोडांना स्वतः विजेची गरज पडली नव्हती!

तेव्हा पुढच्या वेळी वीज गेली की करून पाहा. सुरुवात टाकाऊ तारेवर करा. खिडकी उघडी ठेवा, स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही हे विसरू नका आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. जोड नीट बसला, तर तो विजेच्या आयर्नने दिलेल्या जोडाइतकाच पक्का असेल.