पाचातले चार ठिपके

जुन्या मराठी-हिंदी मालिका ‘आता एचडीमध्ये’ अशा पाट्यांसह मोबाइलवर येऊ लागल्या, तेव्हा संपादकांनी विचारलं, हे काम नेमकं करतं कोण? विचारपूस करत मी बोरीवली पूर्वेला पोचले, दत्तपाडा रस्त्याच्या बाजूच्या एका औद्योगिक वसाहतीत. तळमजल्यावर खोकी बांधण्याचं काम, वरच्या एका गाळ्यात टेपची यंत्रं. ती चालवणारे काका ऐंशीच्या दशकात लग्नांचं शूटिंग करायचे, मग एडिटिंगकडे वळले. आता त्यांच्याकडे घरगुती कॅसेटी येतात, तशाच छोट्या निर्मात्यांनी माळ्यावर टाकलेल्या मालिकांच्या यू-मॅटिक आणि बीटाकॅम टेपही येतात. नाव छापायचं नाही, एवढी त्यांची अट.

जागा तशी योग्यच आहे. इथून दक्षिणेला गोरेगावची चित्रनगरी, जिथे बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’चे सेट उभे राहिले; पश्चिम रेल्वेनं उत्तरेला गेलं की उंबरगाव, जिथे रामानंद सागरांचं ‘रामायण’ चित्रित झालं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. 16 एप्रिलचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. 1987 साली चाळीतल्या चौदा इंची टीव्हीवर चकचकीत दिसलेलं दृश्य भिंतभर पडद्यावर किती विरळ दिसतं, हेही त्या दिवसांत घरोघरी कळलं. जुन्या टेपांची चौकशी तेव्हापासून वाढली, असं काका सांगतात.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, कृष्णधवल. रंग आले 1982 मध्ये. 1999 साली अल्फा मराठी आली, ‘आभाळमाया’ घरोघरी पोचली, आणि पुढच्याच वर्षी दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ नाव मिळालं. या सगळ्या काळात चित्राची चौकट मात्र तीच राहिली: 625 रेषा, त्यातल्या पडद्यावर दिसणाऱ्या 576. आजच्या हिशेबात हे चित्र 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपक्यांचं. एचडी चित्र 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपक्यांचं. भागाकार करून पाहा, बरोब्बर पाच येतात. टेपवरची मालिका एचडी करायची तर पाचातला एक ठिपका टेपवरून मिळतो, उरलेले चार कुणीतरी अंदाजानं भरायचे असतात.

अमेरिकी मालिकांचे डोळे दिपवणारे नवे अवतार पाहून आपल्याकडे अपेक्षा वाढतात, पण तिथलं मूळ साहित्यच वेगळं होतं. ‘फ्रेंड्स’ 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती. फिल्मवर तपशील भरपूर असतो, तो नव्यानं स्कॅन करता येतो. तरी तेही सोपं नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ फिल्मवर चित्रित झाली, पण तिचं संकलन आणि दृश्यचमत्कार व्हिडिओ टेपवर झाले होते. त्यामुळे 2012 पासून सातही पर्वांच्या निगेटिव्ह शोधून प्रत्येक भाग पहिल्यापासून जुळवावा लागला. तिची पुढची मालिका ‘डीप स्पेस नाइन’ एवढा खर्च न झाल्यानं तशीच राहिली. आपल्याकडे टेपवर चित्रित झालेल्या मालिकांना मागे जायला निगेटिव्हच नाही. जे आहे ते तपकिरी फितीवर.

म्हणून माझं लक्ष त्या गाळ्यातल्या संगणकांपेक्षा एका धातूच्या दंडगोलावर खिळलं. यू-मॅटिक यंत्राचं झाकण उघडलं की मधोमध किंचित तिरका बसवलेला, आरशासारखा गुळगुळीत ड्रम दिसतो. कॅसेट आत गेली की यंत्र फीत बाहेर ओढून त्या ड्रमभोवती गुंडाळतं. फीत पुढे सरकते सावकाश. ड्रमवरची हेड्स मात्र सेकंदाला 25 फेऱ्या घेतात, मिनिटाला 1500. समोरासमोर बसवलेली दोन हेड्स, आणि प्रत्येक हेड फितीवर तिरकी रेघ ओढत अर्धं चित्र वाचतं. एका फेरीत एक पूर्ण चित्र. वेगानं फिरायचं ते हेडनं, फितीनं नव्हे, या एका युक्तीमुळे तासाभराचा कार्यक्रम हातात मावणाऱ्या कॅसेटमध्ये बसला. हेडच्या टोकाची फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरातली. धुळीचा एक कण तिथे अडकला की पडद्यावर बर्फ पडतो.

काका हेड साफ करतात ते पाहण्यासारखं असतं. हरणाच्या कातड्यासारखा मऊ शॅमॉयचा तुकडा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. कातडं ड्रमला स्थिर टेकवायचं आणि दुसऱ्या हातानं ड्रम हळूच फिरवायचा. “मॅडम, कापड वर-खाली गेलं की हेड गेलंच समजा,” ते म्हणाले. “ड्रम फिरतो त्याच दिशेनं पुसायचं. हे पुस्तकात आहे. पण किती दाबायचं, ते पुस्तकात नाही.” त्या दाबावर त्यांच्या धंद्याची सगळी मदार आहे, आणि तो शिकायला अजून कुणी आलेलं नाही.

अर्धं चित्र म्हटलं, त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. त्या काळचा कॅमेरा एका झटक्यात सगळ्या रेषा टिपत नसे. आधी एकाआड एक रेषा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं मधल्या. दोन फण्यांचे दात एकमेकांत बसवावेत तशी ही दोन अर्धुकं पडद्यावर एक व्हायची. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते खुलून दिसे. आजचा सपाट पडदा सगळ्या रेषा एकदम दाखवतो. तेवढ्या वेळात पात्रानं हात हलवला असेल तर हाताच्या कडेला करवतीचे दात दिसतात. ही अर्धुकं सोडवून त्यांतून पूर्ण चित्रं घडवणं, हे या कामातलं सर्वांत नाजूक पाऊल. घाईत करणारे सरळ एक अर्धुक फेकून देतात. म्हणजे आधीच तुटपुंज्या 576 रेषांतल्या 288 कचऱ्यात.

आपल्या लिपीची इथे खास कसोटी लागते. देवनागरीची शिरोरेखा आडवी आणि बारीक. श्रेयनामावलीत ती एकाच रेषेवर आली तर एका अर्धुकात असते, दुसऱ्यात नसते, म्हणून लखलखते. संगणकानं ती चुकीची सोडवली की शिरोरेखा तुटते, अनुस्वार तिच्यात विरघळतो. नऊवारीच्या काठांचंही असंच. बारीक चौकडी किंवा खणाची वीण कॅमेऱ्यासमोर आली की मूळ टेपवरच इंद्रधनुषी झिलई उठलेली असते. रंगाचा संकेत आणि बारकाव्याचा संकेत एकमेकांत मिसळल्यानं ती आलेली. जुन्या नळीच्या कॅमेऱ्यांपुढे समई हलली तर ज्योतीमागे उजेडाची शेपटी राही. ही शेपटी दोष म्हणून पुसायची की त्या काळाची खूण म्हणून ठेवायची? काका ठेवतात. मलाही तेच पटतं.

आता अडचणी. पहिली मुंबईची हवा. चुंबकीय फितीला कोरडी, थंड खोली लागते. आपल्या पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो. फितीवर बुरशी धरते. चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप ओल शोषून चिकट होतो, आणि अशी फीत यंत्रात घातली तर लेप सोलून हेडवर बसतो. उपाय म्हणजे ती पन्नास-पंचावन्न अंश उष्णतेत कित्येक तास शेकायची. त्यानं थोडे दिवस ती चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. शेकणं चुकलं तर उरलंसुरलंही जातं.

दुसरी अडचण यंत्रांची. यू-मॅटिक सोनीनं 1971 मध्ये आणली, बीटाकॅम 1982 मध्ये. आज त्यांचे ड्रम कुणी बनवत नाही. घरगुती व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. काका एका यंत्रासाठी तीन भंगारातली यंत्रं मोडतात. युनेस्कोनं 2019 मध्ये जगभरच्या संग्रहांना इशारा दिला होता: सुटे भाग आणि जाणकार दोन्ही संपत चालले, 2025 च्या सुमारास फिती वाचणं दुरापास्त होईल. तो मुहूर्त उलटून गेला आहे. शिवाय टेप घाईनं उतरत नाही. तासाभराच्या टेपला किमान तासच लागतो, आणि कसलीही काटछाट न करता ठेवली तर ती 75 जीबीच्या आसपास जागा खाते.

तिसरी अडचण चौकटीची. जुनं चित्र चारास तीन, नवा पडदा सोळास नऊ. पडदा भरायचा म्हणून वरून-खालून कापलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागाचं नावच रस्त्यावरच्या खड्ड्यावरून होतं. 2021 मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला तेव्हा कापाकापीत खड्डाच चौकटीबाहेर गेला. न कापता दाखवलं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर प्रेक्षक तक्रार करतात, हे निर्मात्यांचं उत्तर मला मान्य नाही. दिग्दर्शकानं लावलेली चौकट ही त्याच्या कामाचा भाग आहे.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. ती चार ठिपके झटपट भरते, पण कुठून? हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजातून. दूरवर उभ्या नटाच्या डोळ्यांना ती पापण्या देते, त्या त्याच्या नसतात. वयस्क अभिनेत्रीच्या सुरकुत्या पुसून गाल मेणाचे करते. ज्यांनी त्या चेहऱ्यांवर प्रेम केलं त्यांना तो चेहरा परका वाटतो. अशी प्रत जरूर करावी, पण मूळ फितीवरची 576 रेषांची प्रत आधी जशीच्या तशी जपून मग. व्यवहारात पैसा येतो तो चकचकीत प्रतीसाठी, आणि मूळ जपण्याचं काम ‘नंतर बघू’वर जातं.

हक्कांचा गुंता तर वेगळाच. कायद्यानं चित्रीकरणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. निर्माता वारला, संस्था मोडली, टेप मुलाकडे, करारपत्र कुणाकडेच नाही, अशा मालिका अनेक. जुन्या करारांत इंटरनेटचा उल्लेखच नाही. मालिका दाखवणारा इंटरनेटवरचा मंच हक्कांची कागदपत्रं मागतो, कागदपत्रं मिळत नाहीत, आणि टेप तोवर ओल पीत राहते.

परवा एका निर्मात्याच्या घरून अशाच टेपांची पोती आली. त्यांना हवं होतं फक्त शीर्षकगीत, एचडीमध्ये, जाहिरातीसाठी. काकांनी आधी सगळ्या कॅसेटी वास घेऊन वेगळ्या केल्या. चिकट झालेल्यांना आंबूस वास येतो. त्या बाजूला ठेवून पहिल्यांदा शेकायला घेतल्या. शीर्षकगीताची टेप धडधाकट होती, म्हणून तिचा नंबर शेवटी लावला.