विजेची करवत : हमी कशाची, जबाबदारी कोणाची?

सायंकाळी पाचच्या सुमारास हार्डवेअरच्या दुकानात गर्दी वाढू लागते आणि नेमका तेव्हाच एखादा सुतार गोणपाटात गुंडाळलेले कटर गल्ल्यापाशी आणून ठेवतो. यंत्राला जळक्या वार्निशचा वास येत असतो. "सहा महिने झाले नाहीत शेठ, बदलून द्या," एवढेच त्याचे म्हणणे असते. शेठ यंत्र उलटसुलट करून पाहतात. पात्यावरचे झाकण केव्हाच काढून टाकलेले असते, दगड कापण्याच्या चकतीच्या जागी लाकडाचे दातेरी पाते बसलेले असते आणि वायरीला मध्येच काळ्या पट्टीचा सांधा असतो. बिल विचारावे तर तेही नसते. 'बिल नको, तेवढे कमी करा' असे खरेदीच्या वेळी सुतारच म्हणाला होता आणि दुकानदाराने ते मान्यही केले होते. मुंबईच्या नागदेवी गल्लीपासून पुण्याच्या टिंबर मार्केटपर्यंत हा प्रसंग थोड्याफार फरकाने सतत घडत असतो. त्यातून उद्भवणारा वाद काही हजार रुपयांचा असतो. त्याच यंत्राने कोणाचे बोट गेले, तर मात्र वाद हजारांत मावत नाही.

बाजारात 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे दोन शब्द एकाच अर्थाने फिरतात. कायद्याने त्यांची घरे वेगळी केली आहेत. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम १२६ प्रमाणे गॅरंटी म्हणजे जामीनकी. तिच्यात धनको, ऋणको आणि जामीनदार असे तीन पक्ष लागतात. कर्जाच्या कागदांवर ज्यांनी कधी जामीनदार म्हणून सही केली आहे, त्यांना हा शब्द किती जड आहे हे सांगावे लागत नाही. करवत विकताना दुकानदार जे देतो ते हे नव्हे. ते असते हमी, म्हणजे वॉरंटी, आणि तिचा उगम १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमात आहे. त्यातील कलम १२ ने अट आणि हमी यांत फरक केला आहे. अटीचा भंग झाला, तर ग्राहकाला व्यवहारच नाकारता येतो. हमीचा भंग झाला, तर नुकसानभरपाई मागता येते, पण माल परत करून मोकळे होता येत नाही. याच अधिनियमाचे कलम १६ व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. ग्राहकाने आपला हेतू स्पष्ट सांगितला आणि दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामास योग्य असलाच पाहिजे, अशी अट कायदा गृहीत धरतो. विशिष्ट नाममुद्रा सांगून मागितलेल्या मालाला याचा अपवाद आहे. तथापि "प्लायवूड कापायला काहीतरी द्या" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मार्बल कटर ठेवणारा विक्रेता या कलमाच्या किती जवळ उभा असतो, हे त्याच्या सहसा ध्यानी येत नाही.

आणि नेमके हेच आपल्याकडे सर्रास चालते. लाकडासाठी बनवलेली चक्री करवत महाग पडते. मार्बल कटर स्वस्त, हलके आणि हाती खेळणारे. मग त्यालाच चार इंची दातेरी पाते लावून फर्निचरची कामे उरकली जातात. या काटकसरीत धोका कोठे आहे, ते साध्या हिशेबाने कळते. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या मार्बल कटरचा वेग भार नसताना मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांच्या घरात असतो. सव्वासात इंची, म्हणजे साधारण १८५ मिलिमीटर पात्याची चक्री करवत पाच ते साडेपाच हजार फेरे घेते. परिघाच्या हिशेबाने कटरवरील पात्याचा दाता सेकंदाला सुमारे ७० मीटर धावतो, तर चक्री करवतीचा सुमारे ५० मीटर. लहान पाते म्हणून ज्याला कमी लेखले जाते, तेच अधिक वेगाने फिरत असते. प्रत्येक पात्यावर त्याचा कमाल वेग छापलेला असतो. यंत्राचा वेग त्याहून अधिक असेल, तर पात्याला डाखलेला कठीण धातूचा दाता निखळून गोळीसारखा उडू शकतो.

दुसरा फरक झाकणाचा. चक्री करवतीच्या पात्याला खालच्या बाजूने स्प्रिंगचे हलते झाकण असते. लाकडात शिरताना ते आपोआप मागे सरते आणि काप संपताच पुन्हा पाते झाकून टाकते. मार्बल कटरला असे हलते झाकण नसते. दगडावर घासणाऱ्या, दाते नसलेल्या हिरकणी चकतीसाठी ते यंत्र घडवलेले आहे. लाकडात दातेरी पाते अडकले, की ते यंत्रालाच मागे फेकते. याला कारागीर 'झटका' म्हणतात. काप घेताना फळीचे दोन भाग आपल्याच वजनाने आत मिटतात, पात्याची मागची बाजू चिमटीत सापडते, तेथील दाते वर उठत असल्यामुळे यंत्र उसळते आणि ज्याने ते धरले आहे त्याच्याच दिशेने येते. हे सारे इतक्या थोड्या वेळात होते, की हात मागे घेण्याचा विचार मनात येण्यापूर्वीच ते होऊन गेलेले असते.

झटका टाळण्याचे उपाय साधे आहेत, पण आपल्या कामाच्या सवयी त्यांच्या आड येतात. आपल्याकडचा सुतार जमिनीवर उकिडवा बसतो आणि फळी पायाखाली दाबून कापतो. अनेकदा पायात चप्पलही नसते. हाताने चालवायच्या करवतीच्या काळात ही बैठक उत्तम होती, विजेच्या करवतीला ती मुळीच मानवत नाही. पूर्ण तावाचा प्लायवूड कापताना कापाच्या रेषेच्या दोन्ही अंगांना आधार हवा, केवळ टोकांना देऊन भागत नाही. पाते फळीच्या खाली साधारण एका दात्याएवढेच उतरावे. 'असू दे जास्त' म्हणून पुरे बाहेर ठेवलेले पाते झटकाही मोठा देते आणि जखमही. उभे राहावे ते पात्याच्या सरळ रेषेत नव्हे, थोडे बाजूस. पाते पूर्ण वेगाला आल्यावरच लाकडाला भिडवावे आणि ते थांबण्यापूर्वी यंत्र कापातून उपसू नये. पाते बदलताना प्लग काढावा. बटण बंद असणे पुरेसे नाही. या एका गोष्टीची टाळाटाळ कुशल कारागीरच अधिक करतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो.

हातमोज्यांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. सुती हातमोजे घातले की हात सुरक्षित, असे अनेक मालकांना वाटते आणि ते सद्भावनेने डझनाने आणून देतात. फिरत्या पात्याजवळ सैल हातमोजा, उपरणे, ओढणी किंवा लोंबती बाही या सर्वांचा परिणाम एकच होतो. कपडा पात्यात सापडला, की तो हातालाही बरोबर ओढून नेतो. त्यापेक्षा डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवरण आणि नाकावर चांगली पट्टी यांचा उपयोग खरा. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे, ही गोष्ट प्लायवूडच्या गोदामात दिवस काढणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे.

आता हमीपत्राकडे पाहावे. विजेच्या हत्यारांची हमी सहसा सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते. काही कंपन्या ठरावीक मुदतीत नोंदणी केल्यास ती वाढवून देतात. हमी असते ती साहित्यातील आणि बनावटीतील दोषांपुरती. कार्बन ब्रश, पाते आणि वापराने झिजणारे इतर भाग तिच्याबाहेर राहतात. अनधिकृत माणसाने यंत्र उघडले, नको ते पाते लावले, अतिभाराने यंत्र जाळले, तरीही हमी संपते. ग्राहकाला हे कंपनीचे पळवाट शोधणे वाटते. परंतु हमी नाकारण्याची ही कारणे आणि अपघाताची कारणे शेजारी ठेवली, तर यादी जवळजवळ एकच निघते. बोथट पाते दाबून चालवले, की मोटार तापते आणि झटकाही बसतो. भुशाने हवेच्या फटी बुजल्या, की आर्मेचर जळते. पातळ वायरीचेही तसेच. १४०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर घेते. पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याची तीस मीटर वायर जोडली, तर जाण्या-येण्याच्या मार्गात सुमारे नऊ व्होल्ट वाटेतच जातात. यंत्र अडखळते तेव्हा प्रवाह कितीतरी वाढतो आणि त्याबरोबर ही गळतीही. बांधकामावरचा दाब आधीच कमी असेल, तर दोष यंत्राच्या बनावटीचा राहत नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरचा जाणकार तंत्रज्ञ यंत्र उघडताच आर्मेचर व फील्ड कॉइल दोन्ही काळे पडले आहेत काय, ते पाहतो. दोन्ही जळले असतील, तर साधारणतः दीर्घकाळच्या अतिभाराचा निष्कर्ष निघतो.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण प्रथमच आणले. सदोष वस्तूने इजा झाली, तर केवळ वस्तूच्या किमतीपुरते नव्हे, तर त्या इजेसाठीही दावा करता येतो. दुकानदार म्हणेल, माल कंपनीचा, मी केवळ विक्रेता. कलम ८६ चे उत्तर असे, की काही प्रसंगी विक्रेताही उत्तरदायी ठरतो. त्याने वस्तूत फेरफार केला आणि त्या फेरफारानेच प्रामुख्याने इजा झाली, कंपनीच्या हमीहून वेगळी अशी स्वतःची हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, वस्तू कोणी बनवली हे कळण्यास मार्ग नसला, किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या व वापराच्या सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, असे हे प्रसंग आहेत. हे वाचताना कोणत्याही हार्डवेअर दुकानाचा गल्ला डोळ्यांपुढे उभा राहतो. 'कंपनीचे जाऊ द्या, माझी वर्षाची गॅरंटी' असे गिऱ्हाईक जोडण्यासाठी सहज बोललेले वाक्य, नाव-पत्ता नसलेले स्वस्त यंत्र, विकतानाच झाकण काढून बसवून दिलेले लाकडाचे पाते, आणि खोक्यातून काढून रद्दीत गेलेली माहितीपुस्तिका. कलम ८७ विक्रेत्याला संरक्षणही देते. इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला गेला असेल, तर विक्रेत्यावर असा दावा चालत नाही. पण फेरफार ज्याच्या स्वतःच्या हाताने झाला, त्याने या कलमावर विसंबून राहणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

बिल न देणे हीदेखील याच अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणेही त्यातच मोडते. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिण्याची सवय दोन ओळींची आहे, पण पुढचा बराच वाद तेथेच मिटतो.

ग्राहक कोण, हाही प्रश्न येतो. व्यापारी हेतूने माल घेणारा या अधिनियमाखाली ग्राहक नाही. म्हणून दहा कारागीर ठेवून फर्निचरचा कारखाना चालवणाऱ्याला ग्राहक आयोगाचे दार सहसा बंद असते. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी यंत्र विकत घेणारा सुतार ग्राहकच ठरतो. कारखानदाराचे दायित्व निराळ्या दिशेने येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाने घालून दिलेल्या कोष्टकात अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के धरली होती. प्लायवूड विकून तो मापात कापून देण्याची सोय ज्या दुकानांत असते, तेथे करवतीवर उभा असलेला मुलगा हा नोकरच असतो आणि त्याला यंत्र कोणी शिकवले, हा प्रश्न अपघातानंतरच विचारला जातो.

हमीत बदलून दिलेल्या भागांवर जीएसटी लागतो काय, याविषयी विक्रेत्यांत बराच काळ संभ्रम होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने तो दूर केला. उत्पादकाने हमीच्या मुदतीत मोबदला न घेता भाग बदलून दिला, तर त्यावर वेगळा कर नाही आणि आधी घेतलेले इनपुट क्रेडिट परत करण्याचीही आवश्यकता नाही. वितरकाने स्वतःच्या साठ्यातील भाग वापरून कंपनीकडून त्याची रक्कम वसूल केली, तर तो मात्र वितरकाकडून कंपनीला झालेला पुरवठा समजला जातो व त्यावर कर देय होतो. वहीखात्यात या दोन प्रकारांच्या नोंदी वेगळ्या राहणे इष्ट.

ग्राहकाचे गाऱ्हाणे खरे असेल, तर मार्ग फार कठीण नाही. यंत्र जमा करताना सर्व्हिस सेंटरकडून दिनांकित पावती घ्यावी, आणि हमी नाकारली तर तिचे कारण लेखी मागावे. तोंडी नकाराला पुढे काही किंमत राहत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे न मिटल्यास जिल्हा आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क आकारले जात नाही.

गोणपाटातल्या त्या कटराचे काय होते? बहुधा ते पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे जाते. तो नवे आर्मेचर भरून देतो. त्याच्याकडे झाकण नसते, आणि ते कोणी मागतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुन्हा कामावर असते, लाकडाचे पाते लावलेले.